काड्या कुठल्या?

खानदेशात कुणी भरीत खायला बोलावलं की मी हल्ली आधी एकच विचारते, काड्या कुठल्या? वांगी कुठली, हे विचारणं रीतीला धरून आहे. ते सगळेच विचारतात आणि 'जळगावकडची' असं उत्तर आलं की समाधानानं माना डोलावतात. काड्यांचं विचारलं की मात्र यजमान माझ्याकडे बघतो, मग बायकोकडे बघतो, आणि पंगतीतलं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागतं, "ह्याच त्या मॅडम."

होय, ह्याच त्या मॅडम. धुळ्यात एका कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात न बोलावता आलेल्या जिवांचा अभ्यास करते. दूरदेशातून आलेलं तण, शेजारच्या राज्यातून सरकत आलेली कीड, कुठूनतरी उगवलेला रोग. तो आला कसा, इथे रुजला कसा, पसरला कसा, आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेला एखाद्या साली सगळीकडे एकदम का उसळतो, हा माझा विषय. नातेवाइकांना हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं. लग्नात कुणी विचारलंच तर गाजरगवताचं उदाहरण देते. त्यावर हमखास उत्तर येतं, "अरे वा, मग आमच्या प्लॉटवरचं काढून दे की!"

माझ्या शोधनिबंधांत पसरण्याची गणितं असतात. पतंग स्वतः किती उडतो, वारा त्याला किती नेतो, मध्ये डोंगर आला तर काय होतं. माणूस त्यात शेवटच्या परिच्छेदात येतो, 'मानवी हस्तक्षेप' अशा दोन शब्दांत. हे दोन शब्द लिहिणाऱ्यानं कधी शिंदखेडा तालुक्यात भरीत खाल्लेलं नसतं, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकते. मी स्वतःच ते अनेकदा लिहिलेले आहेत.

तर गोष्ट गुलाबी बोंडअळीची. कापूस पिकवणाऱ्या कुणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. पतंग कोवळ्या बोंडावर अंडी घालतो, त्यातून निघालेली बारीकशी अळी बोंडात शिरते आणि तिच्यामागे ते छिद्र बुजून जातं. मग वरून काहीही फवारा, आत ती निवांत. बोंड उकललं की सरकीला चिकटलेला, पिवळा पडलेला कवडी कापूस हाती येतो. बीटी बियाण्यापुढे ती सुरुवातीला टिकत नव्हती. मग त्याला न जुमानणारी अळी कुठेकुठे दिसायला लागली आणि सरकत सरकत आमच्याकडे येऊन पोचली. हंगाम संपताना शेवटच्या वाळक्या बोंडात ती स्वतःभोवती जाळं विणते आणि झोपते. शेतकरी कापूस वेचून झाला की झाडं उपटतो, त्या वाळक्या झाडांना पऱ्हाट्या म्हणतात, बोलताना नुसतं काड्या. त्या घरामागे रचून ठेवतात आणि वर्षभर चुलीत घालतात. अळी त्यांत झोपलेली असते. पाऊस पडला, हवा ओली झाली की ती उठते, तिचा पतंग होतो आणि पतंग समोरच्या नव्या कपाशीवर जातो. म्हणजे आपणच तिला अंगणात आसरा द्यायचा आणि श्रावणात तिच्या नावानं बोटं मोडायची.

उपाय सोपा आहे. उन्हाळ्याआधी गावातल्या सगळ्या पऱ्हाट्या संपवायच्या आणि पाऊस पडेपर्यंत कपाशी पेरायची नाही. उठलेल्या पतंगाला खायला-प्यायला काही मिळालं नाही की तो मरतो. पण हे एका शेतकऱ्यानं करून भागत नाही. अख्ख्या गावानं करावं लागतं. हा सोपा उपाय सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले.

ज्या गावानं ऐकलं ते शिंदखेड्याच्या बाजूला, एका नाल्याच्या काठी. नाल्यापलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांनी मिळून केलं असतं तर फार बरं झालं असतं, पण नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून त्यांचं फार जुनं बिनसलेलं. नक्की काय झालं होतं ते दोन्हीकडे वेगवेगळं सांगतात. मी पलीकडच्या गावात गेले तेव्हा तिथल्या माणसांनी एवढंच विचारलं, आधी कुठे गेला होतात? मी खरं ते सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि बोळवण केली.

अलीकडच्या गावातल्या ग्रामसभेत मी तक्ता लावून बोलायला उभी राहिले. पतंग मोजायला शेतात सापळे लावायचे असतात. त्यात मादीच्या वासाची गोळी ठेवतात, नर पतंग त्या वासानं येऊन अडकतात. कुणा विद्वानानं त्याचं नाव 'कामगंध सापळा' असं ठेवलं आहे. मी ते नाव उच्चारलं आणि मागच्या रांगांत हशा पिकला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कानाला हात लावून, ऐकू आलेलं असताना, मोठ्यांदा विचारलं, "कसाना सापळा?" मला ते पुन्हा म्हणावं लागलं. तेव्हापासून मी त्याला पिशवीचा सापळा म्हणते.

हा म्हातारा म्हणजे गावाचे आबा. नाल्याला लागून त्यांची विहिरीवरची जमीन, त्यामुळे बाकीच्यांच्या आधी, भर उन्हाळ्यातच कपाशी लावायची त्यांची सवय. माझ्या उपायानं सगळ्यात जास्त अडचण त्यांचीच होणार होती. ते म्हणाले, "मॅडम, पाखरूले सांगशात का तुम्ही, गावनी शीव कोठे शे ते?" प्रश्न रास्त होता, त्यामुळेच मला राग आला. मग ते सभेकडे वळून म्हणाले की ह्या बाई गावोगाव काड्या करत फिरतात. काड्या करणं म्हणजे भांडणं लावणं. सभा पुन्हा हसली, आणि मी मनातल्या मनात माझा तक्ता गुंडाळायला लागले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं अक्का उभ्या राहिल्या. वय साठीच्या पुढे, नवऱ्यामागे स्वतःची शेती स्वतः करणारी बाई. त्या सभेत सहसा बोलत नाहीत, कारण त्या बोलायला लागल्या की पुरुष आपापसात बोलायला लागतात. त्यांनी ते थांबायची वाट बघितली आणि म्हणाल्या, "एक साल आयकी ल्या. आळी उनी ते माले बोला, मॅडमले काई म्हनानं नई."

एवढंच. अळी आलीच तर बोल त्यांना लावायचा, मला नाही. त्यांनी असं का केलं हे मी पुढे विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही उन्हात उभ्या होतात. ते काही असो, गाव तयार झालं. कृषी खात्याचं काड्या बारीक करणारं यंत्र येणार होतं, ते आज येतं उद्या येतं करत आलंच नाही. शेवटी गावानं स्वतःच ठरवलं की होळीत टाकू. तशी होळी मी जन्मात पाहिली नाही. घरामागच्या, कुंपणाच्या, छपरावरच्या सगळ्या पऱ्हाट्या गाड्या भरभरून आल्या. जाळ देवळाच्या कळसाच्या वर गेला, आबांनीसुद्धा कुरकुरत आपली गाडी रिकामी केली. मी धुरानं डोळे चोळत उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण शिकलेलं काहीतरी उपयोगी पडलं.

आता माझं समाधान इथे थांबायला हरकत नव्हती. पण गावाला माझा सत्कार करायचा होता.

होळीनंतर काही दिवसांनी बोलावणं आलं. झाडाखाली खुर्ची, शाल, नारळ आणि जेवायला भरीत. वांगी भाजून, लाकडी काठवटीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी दोनदा घेतलं. खरोखर सुरेख झालं होतं, आणि ते तसं का झालं हे खाता खाताच माझ्या लक्षात यायला लागलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही. तो वास पऱ्हाट्यांवर भाजलं तरच येतो.

मी घास हातात धरून विचारलं, "काड्या कुठल्या?"

अक्का कौतुकानं म्हणाल्या, "भाऊनी धाड्यात. मन्हा माहेरन्या शेतस."

अक्कांचं माहेर जळगावकडे, जामनेरच्या बाजूचं. सत्काराला भरताची वांगी तिकडचीच हवीत म्हणून त्यांनी भावाला निरोप दिला होता. भावानं टेम्पोत वांग्यांची पोती भरली, आणि बहिणीच्या गावात एक काडी उरलेली नाही हे कळल्यावर वांग्यांवर पऱ्हाट्यांचा डोंगर रचून दिला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उठून चुलीशी गेले. बाजूला थोड्या काड्या उरल्या होत्या. त्यांना न उकललेली काळी बोंडं तशीच लटकलेली. एक तोडून नखानं फोडलं. आत सरकीला चिकटून, पांढऱ्या जाळ्यात, गुलाबी अळी अंग मुडपून झोपली होती.

मी ती तळहातावर घेऊन अक्कांसमोर धरली. त्या म्हणाल्या, "आपल्या गावन्या ते बठ्ठ्या होळीम्हा गयात. मंग भरीत कसावर भुंजानं?"

गावानं माझं तंतोतंत ऐकलं होतं. गावच्या काड्या ठेवू नका म्हटलं, ठेवल्या नाहीत. दुसऱ्या गावच्या आणू नका असं मी कुठे म्हटलं होतं? माझ्या निबंधातला पतंग जामनेरहून इथे यायला किती पिढ्या लागल्या असत्या कुणास ठाऊक. टेम्पो सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचला होता, आणि तोही माझ्याच सत्कारासाठी.

"बाकीच्या कुठे आहेत?" मी विचारलं. टेम्पोभर आल्या होत्या आणि चुलीशी जेमतेम दोन भारे दिसत होते.

"वाटी दिध्यात. माहेरथीन काई उनं ते वाटनं पडस."

माहेरहून शिदोरी आली की ती गल्लीत वाटायची, हे आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. पुरणपोळी आली तर चतकोर चतकोर का होईना, सगळ्या घरांत जाते. अक्कांनी काड्यांचं तेच केलं होतं. आणि त्या न्यायी बाई. सगळ्या घरांत सारखी एकेक मोळी, कुणालाही कमी नाही की जास्त नाही. एखादी कीड गावभर सारखी पसरवायची असा प्रयोग मला कुणी आखायला सांगितला असता तर मलाही इतका नेटका जमला नसता.

त्याच दुपारी मी घरोघर फिरायला निघाले. काही मोळ्या चुलीत गेल्या होत्या. काही टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या होत्या. एका घरात कोंबड्यांचं खुराडं शाकारलं होतं. परत कुणी द्यायला तयार नव्हतं. अक्कांनी माहेरचं म्हणून दिलेलं परत कसं करायचं? बरं, इथेच जाळा म्हणावं तर एका म्हातारीनं मला वेड्यात काढलं, "सरपन शे ते. फुकट कसं जाळानं?" मी अळी दाखवली. तिनं ती बघितली आणि म्हणाली की पावसाळ्यात काड्या चुलीत गेल्या की ती मरेलच की. पावसाळ्यापर्यंतच तर ती उरायला नको होती! ऊन मी म्हणत होतं, पोटात भरीत, खांद्यावर शाल तशीच. माझं डोकं फिरलं. गल्लीच्या मधोमध उभी राहून मी ओरडले, "मग काय, करा आणखी एक भरीत! सगळ्यांनी आपापली मोळी घेऊन या आणि बसा भाजत!"

असं बोलून मी तरातरा गाडीकडे गेले. अक्का ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. नेहमी गाडीपर्यंत सोडायला येतात, त्या दिवशी आल्या नाहीत.

आठवड्याभरात गावात एक नवा शब्द रुळला. 'माहेरनी आळी.' कुणाच्या वांग्यात कीड निघाली, माहेरनी आळी. कुणाच्या ज्वारीच्या कोठीत सोंडे झाले, माहेरनी आळी. गंमत म्हणून म्हणत, आणि बायकाही हसत. ज्या बाईनं 'अळी आली तर मला बोला' म्हणून भर सभेत सांगितलं होतं, तिला बोलायला गावानं पेरणीपर्यंत सुद्धा थांबायचं ठरवलं नाही. मला संताप आला तो ह्याचा, की मी अळी हातात घेऊन घरोघर नाचले नसते तर हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, आणि मी नाचले नसते तर अळी राहिली असती. दोन्हीकडून मीच. फोन केला तर अक्का "हां", "बरं" एवढंच म्हणत.

मग एप्रिलच्या अखेरीला त्यांचा फोन आला. आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडच्या लेकीबाळींचा माहेरी जायचा सण. "मॅडम, शनवारले भरीत शे," त्या म्हणाल्या.

"एप्रिलात? कशाला?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना."

मी रागानं बोललेलं वाक्य त्यांनी खरं धरलं होतं, की खरं धरलं असं दाखवलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी गावभर निरोप दिला होता की मॅडमच्या सांगण्यावरून पुन्हा भरीत आहे आणि ज्यानं त्यानं आपली मोळी आणायची. आणि लोक आणत होते! फुकट जाळायला जी काडी निघत नव्हती ती भरतासाठी बिनबोभाट निघाली. टोमॅटोचे आधार उपटून आले. खुराड्याचं छप्परही आलं, कोंबड्या मागे मागे आल्या. दुपारभर जाळ चालला होता. वर सूर्य, समोर आग, आणि वांगी ह्या दिवसांत जशी असायची तशीच, जून, बियाळ, कडवट. शंभर माणसं घामानं निथळत ते भरीत खात होती आणि तोंड वाकडं करत होती. आबांनी ताट अर्धं ठेवून दिलं. "भरीत काई जमनं नई," असा निकाल दिला आणि हात धुतले.

अक्का शेवटची काडी जळेपर्यंत चुलीपाशी बसून होत्या. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आखाजीला माहेरी कधी निघणार? दरवर्षी जातात, भाऊ आवर्जून न्यायला येतो. त्या काडीनं राख सारत म्हणाल्या की यंदा नाही जायचं. का, ते मी विचारलं नाही. गावात अळी निघाली तर ती माहेरची ठरणार होती, आणि भावानं विचारलं असतं तर त्याला काय सांगायचं? प्रेमानं वांग्यांवर काड्या रचून दिलेल्या माणसाला? मला इतकं वाईट वाटलं की मी तिथून उठून उगाच सापळ्यांच्या जागा बघायला गेले.

पाऊस पडल्यावरच गावानं पेरलं, आबांनीसुद्धा. मी सापळे लावले. आषाढात पिशव्या रिकाम्या. श्रावण निम्मा गेला तरी तुरळक एखादं पाखरू. कपाशी फुलावर आली की आत अळी असलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून मिटूनच राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. मी रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात डोमकळ्या शोधत वाकलेली असे. माझ्या मागून अक्का येत. पुन्हा बोलायला लागल्या होत्या, पण एकच बोलायच्या, सापडली का? मी नाही म्हटलं की पुढच्या ओळीत जायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला सापडली. डोमकळी नव्हे, थेट बोंडातली अळी.

आबांच्या शेतात. देवळासमोर लोक जमले, आबांनी बोंडं आणून पारावर ओतली आणि एकेक फोडली. काहींत होती. मग दुसऱ्यांनी आपापली आणली. काहींत होती, पुष्कळांत नव्हती. पहिली वेचणी साऱ्या गावाची स्वच्छ झाली होती, गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं, पण त्या क्षणी ते कुणाला आठवत नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालंच, "माहेरनी आळी."

कुणी हसलं नाही. अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या लोकांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. ही अळी अक्कांच्या काड्यांतून आली का?

मी शास्त्र शिकलेली बाई. मला माहीत होतं की अळ्या सापडत होत्या त्या नाल्याकडच्या शेतांत जास्त, आणि नाल्यापलीकडच्या गावात पऱ्हाट्यांचे ढीग तसेच रचलेले आहेत. एकीकडून शिरणाऱ्या किडीची खूण अशीच असते. पण एखादी राहून गेलेली मोळी, एखादं गळून पडलेलं बोंड, ह्याची खात्री कोण देणार? पतंगाच्या पंखावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. मी म्हणाले, "बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

मी समजावायला लागले. शक्यता, अंतर, वारा. जितकं समजावत गेले तितकं ते 'बहुतेक' मोठं होत गेलं. अक्कांचा चेहरा उतरत चालला होता आणि माझ्या तोंडून एक साधं 'नाही' निघत नव्हतं. स्वतःच्या विद्येचा इतका वैताग मला कधी आला नव्हता. ज्या बाईनं माझ्यासाठी भर सभेत जामीन राहावं, तिच्यासाठी मला एक खणखणीत शब्द बोलता येऊ नये!

तेवढ्यात आबा कडाडले. "आळी नालाकडथीन उनी!" त्यांनी पलीकडच्या गावाकडे हात केला. "त्यास्नी आळी शे ती. अक्काना माहेरनी नई!"

पुरावा काय, असं मी सवयीनं विचारणार होते. जीभ चावली. आबांकडे पुरावा नव्हता, बंधारा होता. आयुष्यात जे जे वाईट झालं ते नाल्यापलीकडूनच आलं, अशी त्यांची पक्की समजूत. पाऊस कमी झाला तरी त्यांचा दोष. आता अळी तर आयतीच सापडली होती. पण आबांच्या त्या एका आरोळीनं गावाचा चेहराच बदलला. हो की, नाल्याकडचीच! तिकडे अजून ढीग आहेत! ज्यानं मघाशी 'माहेरनी आळी' म्हटलं तोच सगळ्यांत पुढे होऊन पलीकडच्यांना शिव्या घालायला लागला. बरोबर उत्तर, आणि तिथवर पोचायची वाट संपूर्ण चुकीची. परीक्षेत मी असल्या उत्तराला भोपळा देते. इथे गप्प बसले.

अक्का खांब सोडून पाराशी आल्या, फोडलेली बोंडं गोळा करून पदरात घेतली आणि चुलीत टाकायला घरी गेल्या.

पलीकडच्या गावापर्यंत हे पोचायला वेळ लागला नाही. आमची अळी म्हणता काय, अशी तिकडे ठिणगी पडली. त्यांच्याकडच्या कुणी मला फोन करून बजावलं की आम्हीही काड्या संपवून दाखवतो, मग बघू अळी कुणाच्या शेतात निघते ते. त्या पहिल्या चहानंतरही मी ह्या माणसांना पुन्हा पुन्हा जाऊन तक्ते दाखवले होते. शासनाच्या पत्रकांतून 'पीक अवशेषांचे व्यवस्थापन' वाचून दाखवलं होतं. कशानं काही हललं नव्हतं. शेवटी हललं ते आबांच्या शिव्यांनी. ह्यावर शोधनिबंध कसा लिहायचा ते मला कुणीतरी सांगावं.

ह्या फेब्रुवारीत वर्गात शिकवत असताना फोन वाजला. अक्का होत्या. मी बाहेर येऊन उचलला. त्या एका दमात सांगायला लागल्या की पीक बरं आलं, की भाऊ येऊन गेला, की आखाजीला यंदा पंधरा दिवस माहेरी राहणार आहेत. मग म्हणाल्या, "शेजारना गावम्हा भरीत ठेयेल शे. माले बोलायेल शे. तुम्हीबी या."

पलीकडच्या गावानं अक्कांना बोलावलं होतं. बंधाऱ्याच्या भांडणापासून अलीकडचं कुणी त्या गावाचं पाणी प्यालं नव्हतं. मी काही विचारण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"काड्या त्यास्न्याच शेतस," अक्का म्हणाल्या. "मी ईचारी लिधं."